मोकळ्या डोक्याचा दाखला

त्या काळी तासगावात लग्नाच्या मांडवात दोन प्रकारची माणसं कपाळाला काहीतरी बांधून फिरत. नवरा-नवरीच्या कपाळाला मुंडावळ्या असत आणि त्या संध्याकाळी सुटत. वाजंत्र्यांच्या, वाढप्यांच्या आणि भांडी घासणाऱ्या बायांच्या कपाळाला सरकारी पट्टी असे आणि ती सुटत नसे. दोन्ही गोष्टी बांधून घेणाऱ्याच्या भल्यासाठीच आहेत, असं बांधणाऱ्यांचं म्हणणं होतं.

पट्टीचं कागदोपत्री नाव 'निर्णयक्षमता मापक'. लोक तिलाही मुंडावळच म्हणत. बोटभर रुंदीची, राखाडी, मधोमध एक आकडा. पन्नासच्या वर असला की हिरवा, खाली असला की लाल. समोरच्याला लांबूनच दिसावा एवढा ठळक.

यामागचं विज्ञान सोपं होतं आणि खरंही होतं. पट्टीतून डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश कपाळाच्या हाडातून आत जाई आणि मेंदूच्या पुढच्या भागात किती रक्त किती प्राणवायू घेऊन धावतंय, ते पाहून परत येई. चार गोष्टी एकदम मनात धरून तोलायच्या, आजचं आणि पुढचं यांची सांगड घालायची, हे काम मेंदूच्या त्या भागाचं. डॉ. नीरजा केळशीकर यांनी वीस वर्षं खपून दाखवून दिलं होतं की काळजीही तिथेच शिजते. त्यांची उपमा फार गाजली: 'डोकं म्हणजे चार बर्नरची शेगडी. गरिबाच्या तीन बर्नरवर कायम काळजी चढवलेली असते. उरलेल्या एकावर तो संसार करतो, आणि आपण त्याला म्हणतो, याला अक्कल नाही.'

गरीब माणूस चुकीचे निर्णय घेतो कारण तो मूर्ख असतो, असं तोवर सुशिक्षित लोक मानत. केळशीकरबाईंनी ते खोडून काढलं. तोच माणूस, पोट भरलेलं आणि उद्याची सोय लागलेली असली, की तुमच्या-आमच्याइतकाच शहाणा असतो. सुशिक्षितांना थोडं वाईट वाटलं, पण त्यांनी ते मान्य केलं.

आता यावर उपाय दोन होते. गरिबाची काळजी कमी करणे, किंवा त्याच्याकडून निर्णय काढून घेणे. पहिला फार खर्चिक निघाला.

म्हणून निर्णय संरक्षण कायदा आला. पिवळं रेशनकार्ड असलेल्या प्रत्येकाने पट्टी बांधायची. डोकं जितकं मोकळं, तितका आकडा मोठा. आकडा पन्नासच्या खाली असेल तर वर्षाहून जास्त बांधून घेणाऱ्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही. सावकार फसवेल, एजंट लुबाडेल, म्हणून. सही करणं भागच असेल तर निर्णयसाह्य केंद्रात यायचं, आकडा मिनिटभर पन्नासच्या वर टिकवायचा आणि मग करायची. नाहीच टिकला तर सरकारने नेमलेलं मंडळ त्याच्या वतीने 'सुरक्षित पर्याय' निवडणार.

श्रीमंतांना सक्ती नव्हती, त्यामुळे त्यांनी ती हौसेने घेतली. त्यांच्या पट्ट्यांना सोन्याचा मुलामा असे. एका आमदारांनी उद्घाटनाला सगळ्यांसमोर पट्टी बांधली तेव्हा आकडा अठ्ठ्याण्णव आला. टाळ्यांचा कडकडाट झाला. डोकं इतकं मोकळं का, हे कुणी विचारलं नाही.

विलास गेजगे न्यू संगम ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत असे. त्याचा आकडा बहुतेक वेळा अडतीस. लग्नसराईत पंचेचाळीसपर्यंत जाई, एखाद्या दिवशी घटकाभर पन्नासही ओलांडी, चातुर्मासात तिशीत येई. बायको मालन बेदाण्याच्या पॅकिंगला जायची. तिचा आकडा एकोणतीसच्या वर गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, कारण घरच्या शेगडीचे चारही बर्नर तिच्याच डोक्यात होते. मुलगी आरोही, सतरा वर्षांची. तिला पुण्याच्या एका इस्पितळाच्या कॉलेजात नर्सिंगला जागा मिळाली होती. चार वर्षं शिकणं, राहणं, जेवण फुकट, नंतर पाच वर्षं तिथेच नोकरी. एवढ्या मुदतीच्या करारावर पालकाची सही हवी होती. शुक्रवारपर्यंत.

"सहीच तर करायचीय," मालन म्हणाली. "लिवायला येतंय न्हवं तुमास्नी?"

"लिवायला येतंय. डोस्कं रिकामं पायजे म्हणत्यात."

"मग अडलं कुठं? मला तर कधी भरल्यालं दिसलं न्हाय."

आरोही हसली. ती हसली की तिचा लाल आकडा दोन-तीनने वर जाई, आणि शेजारी उघड्या पडलेल्या जीवशास्त्राच्या पुस्तकाकडे लक्ष गेलं की पुन्हा खाली येई. "पप्पा, तुम्ही नुसतं बसा तिथं," ती म्हणाली. "नवरदेवाचा परण्या निघायच्या आधी देवळात बसता की नाही, भजी खाऊन? तसं."

"तितं भजी देत्यात का?"

केंद्रात भजी देत नसत. तिथे निळसर भिंती होत्या, कोपऱ्यात पाण्याचा मंद आवाज करणारं यंत्र होतं आणि निर्णयमित्र म्हणून नेमलेल्या मुजुमदार मॅडम होत्या. वय असेल सव्वीस-सत्तावीस. मानसशास्त्रात पदवी, आणि मनाने खरोखरच चांगल्या. हे सांगणं भाग आहे, कारण या गोष्टीत वाईट माणूस कुणीच नाही.

"काका, रिलॅक्स बसा. काय चाललंय मनात?"

"सहीचं."

"सहीचा विचार नका करू."

"मग कशाचा करू?"

"कशाचाच नको. एकदम रिकामं."

विलासने कशाचाच विचार न करण्याचा प्रयत्न केला. सहीचा विचार बाजूला काढला तर त्याच्याखाली शुक्रवार होता. शुक्रवार बाजूला काढला तर त्याच्याखाली घरभाडं होतं. भाडं उचललं तर क्लॅरिनेटच्या तोंडची रीड चिरली होती, ती निघाली. खरकट्या भांड्यांच्या ढिगातून एक काढावं आणि खालून दुसरं निघावं, तसं चाललं होतं. छत्तीस. पस्तीस.

"काका, तुम्ही जास्तच प्रयत्न करताय."

"न करता कसं जमंल, मॅडम?"

मुजुमदार मॅडमनी प्रशिक्षणाची पुस्तिका चाळून मिटली. "तुम्हाला कशाने बरं वाटतं? म्हणजे, काय करताना सगळं विसरायला होतं?"

"वाजवताना."

"मग उद्या घेऊन या की! इथे वाजवा."

दुसऱ्या दिवशी तो क्लॅरिनेट घेऊन आला. चिरलेल्या रीडला मेण लावलं होतं. त्याने डोळे मिटून नवरी निघतानाची धून सुरू केली, जी ऐकून आजवर किती बापांनी मांडवाच्या खांबाला धरलं असेल कोण जाणे. बाहेर रांगेतल्या बाया बोलायच्या थांबल्या. शिपाई दारात येऊन उभा राहिला. त्या पाच-सात मिनिटांत विलासच्या मनात ना भाडं होतं ना शुक्रवार. धून संपली तेव्हा मुजुमदार मॅडम टाळ्या वाजवत होत्या. मग त्यांनी आकडा पाहिला आणि टाळ्या थांबवल्या.

बावीस.

पट्टीला डोकं भरलेलं आहे एवढंच कळायचं, कशाने भरलंय ते कळायचं नाही. सूर, श्वास, बोटं, पुढची जागा... मेंदूचा पुढचा भाग असा पेटला होता की त्या प्रकाशाला तो माणूस साफ बुडालेला दिसला. त्या आकड्यावर विलासला साधा दुधाचा रतीबसुद्धा कुणी लावून दिला नसता.

"असू दे," मॅडम म्हणाल्या. "आपण तुमची अनुकूल वेळ काढू."

हा त्या यंत्राचा खरा चमत्कार होता. पट्टीत माणसाचे वर्षभराचे आकडे साठलेले असत. त्यांवरून पुढच्या आठवड्यात कुठल्या वेळी डोकं मोकळं असेल, ते यंत्र सांगे. लोक त्याला मुहूर्त म्हणत. पंचांगाहून हे बरंच अचूक होतं, फक्त दक्षिणा सरकार घेई.

विलासचा मुहूर्त निघाला गुरुवारी दुपारी बारा ते एक. शुक्रवारच्या आत दुसरा नव्हता.

"गुरुवारीच का वो?" त्याने विचारलं.

मॅडमनी पडदा वळवून दाखवला. "हे बघा. ज्या दिवशी तुमची लग्नाची सुपारी असते ना, त्या दिवशी सकाळी नाश्ता झाला की तुमचा आकडा चढतो. दुपारी सगळ्यात वर. पोट भरलेलं, काम हातात, आणि वाजवायला अजून सुरुवात नाही. गुरुवारी तुमचं कुठेतरी लग्न आहे ना?"

होतं. आणि ते बेदाण्याचे व्यापारी आण्णा शेठ यांच्या मुलीचं होतं. मालन कामाला जायची ती त्यांच्याच पॅकिंगला. सुपारी घेऊन महिना झाला होता, आणि घेतलेली सुपारी वाजंत्री परत करत नसतो. मेला तर भाऊ जाऊन वाजवतो. म्हणजे डोकं मोकळं होतं ते त्या लग्नामुळे, आणि लग्न होतं नेमकं डोकं मोकळं असण्याच्या वेळेला. मुहूर्त बारा पस्तीसचा.

विलास मात्र घाबरला नाही. जन्मभरात पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीचा त्याने शांतपणे, पुढचं-मागचं बघून हिशेब केला.

"मास्तर, बारा पस्तीस म्हंजे कवा?" त्याने बँडच्या बापू मास्तरांना विचारलं.

बापू मास्तर सत्तरीचे. त्यांनी तंबाखू मळत आकाशाकडे पाहिलं. "बारा पस्तीस म्हंजे अडीच. मामा रुसला तर तीन."

"आण्णा शेठकडचा मामा रुसतो का?"

"आरं, शेठ लोकांत दोन मामा रुसत्यात. एक रुसला आन दुसऱ्याला कुणी मनवलं न्हाय म्हणून दुसरा. तू जा. सही कर लेकीची. दीडला मांडवात ये म्हंजे झालं. तवर मी सांभाळतो."

पिढ्यान् पिढ्या मांडवात उभं राहून मिळवलेलं ज्ञान होतं ते. त्या तालुक्यात मुहूर्तावर लागलेलं लग्न कुणी पाहिलेलं नव्हतं. पत्रिकेवरची वेळ ही स्वयंपाक्याला घाई करण्यासाठी असते, हे पोराठोरांनाही ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी मांडवात विलासने उप्पीट-शिरा खाल्ला. आकडा त्रेचाळीस, मग सत्तेचाळीस. पावणेबाराला क्लॅरिनेट मास्तरांच्या हवाली करून तो केंद्रात पोचला. मुजुमदार मॅडमनी करार समोर ठेवला, पेन ठेवलं आणि पाण्याचं यंत्र सुरू केलं. आरोही बाहेर बाकावर बसली होती. काचेतून तिचा लाल आकडा तेवढा दिसत होता.

"एकोणपन्नास," साडेबाराच्या सुमारास मॅडम कुजबुजल्या. "काका, छान. फोन बंद आहे ना?"

"व्हय," विलास म्हणाला. फोन खिशात चालू होता. सुपारीचा फोन बंद ठेवणारा वाजंत्री अजून जन्मायचा होता.

पन्नास. एक्कावन्न. आकडा हिरवा झाला. त्रेपन्न. मॅडमनी घड्याळावरचं बटण दाबलं. एक मिनिट टिकवायचं होतं. बाहेर आरोही काचेला नाक लावून उभी राहिली. विलासच्या मनात खरोखर काही नव्हतं. शिऱ्यातल्या बेदाण्याची चव तोंडात होती, एवढंच.

खिशात फोन थरथरला.

"घेऊ नका," मॅडम म्हणाल्या. "काका, थोडंच राहिलंय."

त्याने घ्यायचं ठरवलं नव्हतं. हातच गेला. इतक्या वर्षांत त्याने न उचललेला असा एकही फोन नव्हता.

"आरं कुठाईस?" बापू मास्तरांचा आवाज, मागे माणसांचा गलका. "आक्षता पडाय लागल्या!"

"आँ? आत्ता?"

"जावई कुठल्या कंपनीत सायेब हाय, सोन्याची मुंडावळ बांधतो! त्येचं डोस्कं बारा पस्तीसलाच मोकळं आसतंय म्हणून मशिनीनं सांगितलंय. दोन्ही मामांना काल रात्रीच आणून बसवलंय. आण्णा शेठ इचारतोय, क्लारनेट कुठाय, क्लारनेट कुठाय..."

विलासने फोन ठेवला. पेन हातात होतं. त्याने करारावर 'वि' काढला.

"काका, थांबा," मुजुमदार मॅडमचा आवाज रडवेला झाला होता. "आकडा बघा. आता केलेली सही चालत नाही."

एकतीस.

त्याने डोळे मिटले, शिऱ्याची आठवण काढली, मुलीची आठवण काढली. एकोणतीस. एक वाजला तेव्हा तो सव्वीसवर होता. मॅडमनी आपल्या डब्यातली पोळीसुद्धा त्याला खायला घालून पाहिली होती.

पुढचं सगळं शिस्तीत झालं. शुक्रवारी संध्याकाळी मंडळाने आरोहीसाठी सुरक्षित पर्याय निवडला. नऊ वर्षांचं बंधन, परगाव, बाईची जात, घरच्यांचे आकडे, हे सगळं तोलून जागा नाकारण्यात आली. स्थानिक, ओळखीचं, कधीही सोडता येणारं काम सुचवण्यात आलं. आण्णा शेठही काही ओरडले-बिरडले नाहीत. "माझी पोरगी क्लारनेटशिवाय बोहल्यावर चढली," एवढंच ते म्हणाले, आणि मालनला सोमवारपासून येऊ नको म्हणून निरोप आला. तिच्या जागी पॅकिंगला एक मुलगी हवी होती. मंडळाने सुचवलेलं काम तेच निघालं.

बापू मास्तरांनी विलासला काढलं नाही. त्यांनी नुसता एक कीबोर्ड घेतला, ज्यात क्लॅरिनेटचं बटण होतं. "तू ये की, ये," ते म्हणायचे. "उभा ऱ्हा बाजूला." दोन-तीन लग्नांत तो बाजूला उभा राहिला. मग जायचा थांबला.

आणि याच सुमारास त्याचा आकडा चढू लागला.

आधी बेचाळीस. मग रीडची चिंता उरली नाही तेव्हा पंचावन्न. पुण्याच्या कॉलेजात पोरींचे वर्ग सुरू झाले त्या आठवड्यात एकदम सत्तर. घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली आणि ते मालनच्या भावाच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेले, तेव्हा ऐंशी. त्याच्याखाली जाण्यासारखी जागा नव्हती, त्यामुळे त्याबद्दल काळजी करण्यासारखंही काही नव्हतं. चातुर्मास आला. बँडचा प्रत्येक माणूस तिशीत गेला आणि विलास गेजगे एक्याण्णववर हिरवागार तळपत होता.

डॉ. केळशीकरांच्या सिद्धांतात एकच गोष्ट राहून गेली होती. बर्नर मोकळा दिसतो तो स्वयंपाक झाल्यावरही, आणि गॅस संपल्यावरही.

पिवळ्या कार्डावर एक्याण्णव ही राज्यात पहिलीच नोंद होती. मंडळाने सत्कार ठेवला. केळशीकरबाई स्वतः पुण्याहून आल्या. पांढरे केस, साधी सुती साडी. गरिबांशी बरोबरी म्हणून त्यांनीही साधी राखाडी पट्टी बांधली होती. त्यावर चौऱ्याऐंशी. मुजुमदार मॅडमनी सूत्रसंचालन केलं. विलासला नारळ, शाल आणि मोकळ्या डोक्याचा दाखला देण्यात आला. आता तो कितीही मुदतीच्या, कुठल्याही कागदावर सही करू शकत होता. दाखला मिळाल्याची पोच म्हणून त्याने एक सही केलीही. झोकात केली, 'वि' पासून 'गे' पर्यंत.

"विलासराव," केळशीकरबाईंनी आपुलकीने विचारलं, "हे कसं साधलंत? इतरांना सांगा ना. दिवसभर मनात काय असतं तुमच्या?"

"काय न्हाय," विलास म्हणाला.

टाळ्या झाल्या.

बाई थांबल्या. त्या मूर्ख नव्हत्या. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "आणि उद्याचा विचार? उद्या काय व्हावं असं वाटतं?"

विलासने त्यांच्याकडे पाहिलं. प्रश्न कळला नव्हता असं नाही. कुणीतरी फार पूर्वीच्या शेजाऱ्याबद्दल विचारावं, तसं त्याला झालं. "उद्या काय?" तो म्हणाला.

केळशीकरबाईंच्या कपाळावरचा आकडा चौऱ्याऐंशीवरून एकोणसाठवर आला, आणि खाली येतच राहिला. त्यांनी पट्टी सोडली, घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग सगळे जेवायला गेले. अहवालात विलासचं उदाहरण पहिल्या पानावर आलं, फोटोसकट.

घरी आता प्रश्न आरोहीचा होता. तिचा आकडा चोवीस. ती दिवसभर पॅकिंगला जाई आणि दुपारच्या सुट्टीत पुन्हा तेच जीवशास्त्राचं पुस्तक काढून बसे. पुढल्या वर्षी परत परीक्षा द्यायची म्हणे. पुढल्या वर्षी तिला अठरा पूर्ण होणार, ती सही स्वतःची स्वतः करणार, फक्त पन्नास पाहिजेत. डोकं मोकळं ठेव, अशी मंडळाकडून तिला दोनदा समज मिळाली होती. मालनचं म्हणणं, पोरीचं डोकं दुखतं, गोळ्या खाते, झोपेत नाड्यांची नावं बडबडते.

एका दुपारी विलास तिला डबा द्यायला पॅकिंगच्या शेडवर गेला. ती बेदाण्याच्या खोक्यांवर पुस्तक पसरून बसली होती. चोवीस. त्याने बराच वेळ त्या लाल आकड्याकडे पाहिलं. मुलीचे हाल बघवत नाहीत, असं त्याला वाटलं असावं. एवढ्या मोकळ्या डोक्यात तेवढं अजून शिल्लक होतं.

"सोड बाळा ते," तो मायेने म्हणाला.

"परीक्षा आहे, पप्पा."

"आसू दे. सोड. मी सोडलं तवापास्नं बघ, काय सुदीक न्हाय. एकदम हलकं वाटतंय. लई खपलीस, लई दमलीस. सोड आता."

तो ओरडला असता तर ती भांडली असती. त्याने थट्टा केली असती तर तिने दुप्पट केली असती. पण त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी ताप आला की फिरवायचा तसा, आणि ती खरंच फार दमली होती. तिने पुस्तकात खूण घालायला बेदाण्याच्या पाकिटाचा कागद घेतला, मग तो न घालताच पुस्तक मिटलं. शेजारच्या रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलं. भिंतीला टेकून बसली.

तीस. सदतीस. पंचेचाळीस. शेडमधल्या बाया हातातला घास थांबवून बघायला लागल्या. लाल आकडा एकदम हिरवा झाला, तेव्हा एकीने तर कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली.

"झालं बघ!" विलास म्हणाला. "एक्कावन्न! आता तुला सही करता येती."

"कशावर?" आरोहीने विचारलं.

विलासने विचार केला. त्याला काही सुचलं नाही. त्याच्या कपाळावरचा आकडा एकाने वाढला.